कच्चं मडकं आणि पाच मिनिटं

पुण्या-मुंबईत ज्याला पब म्हणतात, ती जागा हिंगोली जिल्ह्याच्या रोजच्या जगण्यात नाही. परमिट रूम आहेत. तिथं पुरुष बसतात, आणि आपल्याला ओळखीचं कुणी पाहू नये अशी बहुतेकांची इच्छा असते. त्यामुळे आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी कोपऱ्यात माइक लावायचा, नाव देईल त्याला पाच मिनिटं द्यायची आणि समोरच्या अनोळखी माणसांना हसवून दाखव म्हणायचं, हा ‘ओपन माइक’ नावाचा प्रकार इथल्या बहुतेकांनी पाहिला तो मोबाइलवर. तरीही त्याचं विवेचन हिंगोलीत उभं राहून करण्यात फायदा आहे. गोष्ट तयार मिळते तिथं तिचे भाग सुटे दिसत नाहीत. ती जिथं नाही, तिथं तिच्यातलं काय आपल्याकडं आधीपासून आहे आणि काय कमी आहे, हे स्वच्छ दिसतं.

ओपन माइकला कार्यक्रम म्हणणं चूक आहे. ती तालीम आहे, फक्त श्रोत्यांसमोर केलेली. पबमालकाला मधल्या वारी रिकामी राहणारी टेबलं भरायची असतात आणि नवशिक्याला कान हवे असतात. या दोन गरजा जुळल्या की ओपन माइक सुरू होतो. दहा-पंधरा जण नावं देतात. शेवटचं मिनिट उरलं की मागून कुणीतरी मोबाइलचा दिवा दाखवतं. बोलणारा स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करतो आणि घरी जाऊन ऐकतो. कुठं हशा आला, कुठं आला नाही, कुठं आपणच घाई केली, हे तपासतो. पुढच्या आठवड्यात तीच पाच मिनिटं पुन्हा, पण दोन वाक्यं कापून आणि एक शब्द बदलून. तिकीट लावलेला तासाभराचा प्रयोग अशा किती तरी संध्याकाळच्या घासण्यातून उतरतो. १९७९ साली लंडनच्या सोहो भागात ‘द कॉमेडी स्टोअर’ सुरू झालं, तेव्हा तिथं थाळीसारखी एक घंटा टांगलेली असे. श्रोते कंटाळले की ती वाजायची आणि बोलणाऱ्यानं खाली उतरायचं. त्याच नावाची जागा २०१०मध्ये मुंबईत लोअर परळला आली. मराठीत २०१६पासून ‘भारतीय डिजिटल पार्टी’नं, म्हणजे भाडिपानं, स्टँड-अप कॉमेडीला मराठी श्रोता मिळवून दिला. प्रकार बाहेरून आला, हे खरं. पण एका माणसानं उभं राहून, हातात काही न घेता, समोरच्यांना हसवणं हे मात्र बाहेरून आलेलं नाही.

संस्कृत नाट्यशास्त्रानं रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले, त्यात ‘भाण’ हा एकट्या नटाचा प्रकार आहे. रंगमंचावर दुसरं कुणी नसतं. नट न दिसणाऱ्या माणसाशी बोलतो, त्याचं उत्तर ऐकल्यासारखं करतो आणि ‘काय म्हणालास?’ असं विचारून ते उत्तर स्वतःच उच्चारतो. या युक्तीला ‘आकाशभाषित’ म्हणतात. मराठवाड्यात या युक्तीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस एकटा उभा राहून बावन्न भूमिका करत असे, आणि खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसवून लंडनला नेत असे. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. २००९ साली देशपांडे गेले. पुढे माजलगावच्या संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुन्हा उभा केला. या प्रयोगानं मराठवाड्याला दिलेली मोठी गोष्ट म्हणजे आपली बोली हसू आणण्यासाठी चालते, आणि हसणारा तिला हसत नसतो, तिच्यासोबत हसतो, हा विश्वास.

पण एकपात्री आणि स्टँड-अप यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो नजरेआड झाला की दोन्हीचा घोटाळा होतो. एकपात्रीत संहिता ठरलेली असते. नट मामा होतो, म्हातारी होतो, पाटील होतो. चुकलं तर पात्र चुकतं. स्टँड-अपमध्ये बोलणारा ‘मी’ म्हणून बोलतो. त्याला आडोसा नाही. माझं लग्न जमत नाही, माझ्या बापानं पीकविम्याच्या रांगेत दिवस काढला, मला पुण्यात माझ्या उच्चारांवरून ओळखतात, हे सगळं त्याच्या नावावर जमा होतं. हशा आला नाही तर तो स्वतः पडतो. म्हणून बावन्न पात्रं उभी करण्यापेक्षा एक ‘मी’ उभा करणं नवशिक्याला जड जातं, असं माझं मत आहे.

हा ‘मी’ हिंगोलीला अपरिचित नाही. कळमनुरी तालुक्यातल्या रूपूरचे फ. मुं. शिंदे २०१४च्या सासवड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्र त्यांना कवी म्हणून ओळखतो, पण ज्यांनी त्यांना व्यासपीठावर ऐकलंय, त्यांच्या लक्षात कवितेइतकंच दोन कवितांमधलं बोलणंही राहतं. कविसंमेलनातलं हे मधलं बोलणं आपल्याकडं ‘निवेदन’ या नावाखाली दुय्यम मानलं जातं. शास्त्राच्या दृष्टीनं बघितलं तर स्टँड-अपचा सर्वांत जवळचा नातलग तोच आहे. त्यात वेश नाही, पात्र नाही, गाणं नाही. एक माणूस आपल्याच नावानं बोलतो आणि समोरचा हसला की पुढचं वाक्य त्या हशावर ठेवतो. शेजारच्या वऱ्हाडात डॉ. मिर्झा बेग यांनी ‘मिर्झा एक्स्प्रेस’मधून हेच केलं: वऱ्हाडी कविता आणि तिच्या आजूबाजूचं बोलणं यांतली भिंत पाडली.

याहून जुना धागा कीर्तनाचा आहे. संत नामदेवांचं नाव ज्या नरसीला जोडलेलं आहे, ती नरसी नामदेव याच जिल्ह्यात. वारकरी कीर्तनाची परंपराही नामदेवांकडंच पोचते. सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनात बसून एकदा फक्त तंत्राकडं लक्ष द्यावं. बुवा सुनेची आणि सासूची गोष्ट सांगतात. आवाज खाली नेतात. शेवटचं वाक्य टाकतात आणि लगेच पाठ वळवून मागं टाळकऱ्यांकडं बघतात. टाळकरी आधी हसतात. मग पखवाजावर एक थाप पडते. त्या थापेपर्यंतच्या एक-दोन क्षणांत मांडवभर हशा पसरतो, आणि हशा ओसरायच्या आत बुवा ‘विठ्ठल विठ्ठल’ उचलतात. म्हणजे हशा आला तर तो वाढवायला माणसं आहेत, आणि नाही आला तर झाकायला गजर आहे. तमाशाच्या बतावणीतही सोंगाड्या एकटा नसतो. त्याच्या तिरक्या उत्तराला समोरून सरळ प्रश्न विचारणारा कुणीतरी असतो, आणि तो प्रश्न जितका भाबडा तितकं उत्तर फुटतं. स्टँड-अपवाल्याला टाळकरी नाही, प्रश्न विचारणारा नाही, गजर नाही. वाक्य टाकल्यावर जी शांतता येते ती त्याला एकट्यानं सोसावी लागते. या कलेतलं सगळं अवघड शिक्षण त्या शांततेत आहे. नवशिका तिला घाबरून पुढचं वाक्य लगेच बोलतो आणि येऊ घातलेला हशा स्वतःच मारतो.

हशा येतो कशानं? भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याची कारणं दिली आहेत: दुसऱ्याचा विपरीत वेश, धीटपणा, हावरेपणा, असंबद्ध बडबड, व्यंग दिसणं, दोष बोलून दाखवणं. यादी आजच्या टीव्हीवरच्या विनोदालाही पुरते. पण त्याच ठिकाणी एक महत्त्वाचा भेद आहे: ‘आत्मस्थ’ म्हणजे स्वतः हसणं आणि ‘परस्थ’ म्हणजे दुसऱ्याला हसवणं. भरतानं हसण्याच्या सहा पायऱ्याही सांगितल्या. दात न दिसता येतं ते स्मित. दात थोडे दिसतात ते हसित. मग विहसित आणि उपहसित. डोळ्यांत पाणी येऊन खांदे हलतात ते अपहसित. बरगड्या धरून हसणं ते अतिहसित. पबमधला विनोद बहुधा शेवटच्या दोन पायऱ्यांवर मोजला जातो, कारण तिथं आवाज मोठा असतो आणि दारू त्याला हात देते. हिंगोलीच्या एखाद्या सभागृहात मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेल्या बायका बसलेल्या असतील, तर त्यांचं हसू पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबेल. ते कानाला ऐकू येणार नाही, डोळ्यांना दिसेल. फक्त आवाजावरून आपली पाच मिनिटं मोजणारा इथं निम्मे श्रोते गमावेल.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९००मध्ये हास्यावर लिहिताना एक उदाहरण दिलं. चर्चमध्ये प्रवचनानं सगळे रडत होते, एक जण रडला नाही. का, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, मी इथल्या चर्चचा नाही. बर्गसाँ म्हणतात, रडण्याबद्दल त्यानं जे सांगितलं ते हसण्याला जास्त लागू आहे. हसू हे आपल्या माणसांत येतं. मराठीत न. चिं. केळकरांनी १९०८ साली ‘सुभाषित आणि विनोद’ लिहून या विषयाचा शास्त्रीय विचार सुरू केला. हिंगोलीपुरती त्या विचारात एक भर मला घालावीशी वाटते. शहरातल्या पबमध्ये ‘आपली माणसं’ त्या संध्याकाळपुरती तयार होतात. बोलणाऱ्याचा चुलता तिथं नसतो. २०११च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. एवढ्या गावात समोर बसलेला माणूस एक तर शाळेतला सर असतो, नाही तर सोयऱ्याचा सोयरा. बापावरचा विनोद बापाच्या मित्रानं ऐकलेला असतो आणि रात्री तो घरी पोचतो. इथल्या विनोदाची खरी मर्यादा कायदा किंवा सेन्सॉर नाही. ओळख ही आहे. ती आडवी येते, पण तिचा उपयोगही होतो. पुण्यातल्या श्रोत्याला मोंढा म्हणजे काय, हळद शिजवताना घरात काय होतं, हे आधी सांगावं लागतं. हिंगोलीत सांगायची गरज नाही. अर्धा रस्ता श्रोत्यानं आधीच चाललेला असतो.

आता भाषा, आणि इथं थोडं थांबायला हवं, कारण मराठीत विनोद का पडतो याचं एक कारण व्याकरणात आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. विनोदाचा धक्का मात्र शेवटच्या शब्दावर बसायला हवा. आता हे वाक्य घ्या: आजीनं हळदीचे पैसे जावयाच्या उशीत ठेवले. हसू ‘उशीत’ या शब्दावर आहे, पण त्यानंतर ‘ठेवले’ उरलंय. श्रोता हसायला तोंड उघडतो तोच बोलणाऱ्याचा आणखी एक शब्द येऊन पडतो. हिंगोली-वसमतकडची कुठलीही बोलकी बाई हेच कसं सांगेल? ‘आजीनं हळद इकली. पैसे आणले. घरात चोराचं भ्या. मंग ठिवले कुठं, तर जावयाच्या उशीत.’ क्रियापद पुढं आलं, प्रश्न आला, ‘तर’ आला, आणि धक्का शेवटी बसला. हे ‘कुठं, तर’, ‘कशापायी, तर’, ‘कोण, तर’ म्हणजे मराठी बोलीनं स्वतःसाठी घडवलेलं विनोदाचं यंत्र आहे. प्रश्नानं अपेक्षा ताणली जाते, ‘तर’वर श्वास अडतो, आणि पुढचा शब्द ती अपेक्षा खाली टाकतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९०मध्ये हसण्याचं जे कारण सांगितलं, ताणलेल्या अपेक्षेचं एकदम शून्य होणं, ते आमच्या बायका ओट्यावर बसून करत आल्या आहेत.

गोष्ट इथं संपत नाही. ‘सकाळी जावई म्हणतो, रातभर झोप नाही आली, उशी लई टणक. आजी म्हणती, तेच पाह्यजे होतं. चोर जागा असला की चोरी होत नसती.’ पहिला हशा पैशांच्या जागेला आला, दुसरा आजीच्या डोक्याला. ज्या जावयाला आपल्याकडं पाट आणि मान आधी मिळतो, तोच एका वाक्यात चोर ठरला. मानाची जागा जितकी उंच, तितकं पडणं मोठं. आणि ‘इकली’, ‘भ्या’, ‘ठिवले’ हे शब्द काढून त्या जागी ‘विकली’, ‘भीती’, ‘ठेवले’ घातले तर गोष्ट तीच राहते, पण आजी निघून जाते.

हिंगोलीच्या बोलीत आणखी एक भांडवल आहे. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. मराठी, दखनी, हिंदी, बंजारा तांड्यांची गोरमाटी, या सगळ्या भाषा बाजारात एकमेकींना लागून चालतात. मोंढ्यात सौदा मराठीत सुरू होतो, ‘नक्को’वर अडतो आणि ‘हौ’वर सुटतो. भाषा बदलली की माणसाचा पवित्रा बदलतो, आणि पवित्रा बदलला की हसू येतं. हे ज्याच्या कानात आहे त्यानं पुण्याचं मराठी बोलून विनोद करायचा प्रयत्न करू नये. तो तिथल्यांची नक्कल करेल आणि स्वतःचं धन घरी ठेवून जाईल.

बायकांच्या बाजूनं एक छोटा पण पूर्ण प्रकार आहे, तो म्हणजे उखाणा. लग्नघरात सगळ्यांसमोर उभं राहायचं, दोन ओळी, शेवटी नवऱ्याचं नाव. शेवटचा शब्द सगळ्यांना आधीच माहीत असतो, म्हणून तिथं धक्का ‘तर’च्या उलट रीतीनं बसतो: नावाच्या आधीची ओळ अनपेक्षित हवी. दहा सेकंदांत जागा, गर्दी, यमक आणि हशा सांभाळणारी ही बाई पाच मिनिटं सांभाळू शकणार नाही, असं मानायला काहीही आधार नाही. तिला परमिट रूममध्ये बोलावणं हा मार्ग नव्हे, एवढंच.

ध्वनीबद्दल तीनच वाक्यं. आपल्याकडं मंगल कार्यालयात आणि मांडवात स्पीकर गाण्यासाठी लावलेला असतो आणि त्यात ‘इको’ चढवलेला असतो. त्यात स्वर घुमतात, व्यंजनं बुडतात आणि शेवटचा शब्द तिसऱ्या रांगेपुढं पोचत नाही. विनोद सांगणाऱ्यानं माइक हातात घ्यायच्या आधी साउंडवाल्याकडून इको बंद करून घ्यावा.

एवढं सगळं आहे: बोली, ऐकणारा कान, कीर्तन, निवेदन, उखाणा. मग नाही काय? याचं उत्तर मला नामदेवांच्याच गोष्टीत सापडतं. एकदा सगळे संत गोरोबाकाका कुंभारांच्या घरी, तेरला, जमले. मुक्ताबाईंनी विचारलं, यातलं मडकं कोणतं पक्कं, कोणतं कच्चं? गोरोबांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प राहिले. नामदेव चिडले, आणि निकाल लागला: हे कच्चं. लंडनची ती घंटा आणि गोरोबांचं थापटणं एकच काम करतात. पण गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. कच्च्या ठरलेल्या नामदेवांना औंढा नागनाथला जायला सांगितलं गेलं. तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, जिथं पिंड नाही तिथं तूच ठेव. पाय जिकडं नेले तिकडं पिंड. या कथेची बांधणीही विनोदाचीच आहे: सरळ प्रश्न, भाबडी कृती, तिची पुनरावृत्ती आणि उलटलेला अर्थ. कच्च्याला कच्चं म्हणून हाकललं नाही. भाजायला जागा दाखवली, आणि ती जागा याच जिल्ह्यात होती.

आज हिंगोलीत तीच जागा नाही. आपल्याकडचं प्रत्येक व्यासपीठ पक्क्यासाठी आहे. दसरा महोत्सवाच्या रामलीला मैदानावर बाहेरचे तयार कलाकार येतात. कविसंमेलनाला निमंत्रित कवी येतो. कीर्तनाला बिदागी ठरलेला बुवा येतो. कॉलेजच्या गॅदरिंगला वर्षातून एकदा संधी, आणि तिथं पोरगं पडलं की वर्षभर त्याला त्याच नावानं हाक मारतात. सगळीकडं प्रमुख पाहुणे, शाल, नारळ, आभार. हशा न येण्याची परवानगी कुठंच नाही. म्हणून ज्याला बोलता येतं तो चहाच्या टपरीवर बोलतो आणि तिथंच संपतो, किंवा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ टाकतो. व्हिडिओला श्रोता दिसत नाही. लाइकचा आकडा दिसतो, पण कोणत्या शब्दावर कुणाच्या चेहऱ्यावर काय झालं ते कळत नाही, आणि या कलेत शिकायचं ते तेवढंच आहे.

त्यासाठी पब लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा आहे. त्याच्या आधारानं हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत शासनमान्य वाचनालयं चालतात. त्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे. महिन्यातला एक शनिवार द्या, संध्याकाळी सहाची वेळ ठेवा, म्हणजे मुलीही येतील आणि शेवटच्या एसटीनं घरी जातील. तीस खुर्च्या, एक माइक, इको बंद. नाव देईल त्याला किंवा तिला पाच मिनिटं. प्रमुख पाहुणे नकोत, बक्षीस नको, व्हिडिओ काढायला मनाई. ज्याला हशा मिळणार नाही, त्याला पुढच्या महिन्याची तारीख त्याच रात्री सांगा.